कबुलीनंतरचं दुसरं वाक्य

"कबूल करून टाक गं, दंड भर आणि मोकळी हो!" मैत्रिणींनो, तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात अर्धा दिवस काढलात, तर हे वाक्य तुमच्या कानावर चार वेळा तरी पडेल. सांगणारा कधी दीर असतो, कधी शेजारी, कधी तारखांना कंटाळलेला नवरा. त्याचा हेतू वाईट नसतो. रोजची मजुरी बुडते, एसटीचे पैसे जातात, घरी पोरं उपाशी बसतात. त्यापेक्षा पाचशे-हजार गेले तरी चालतील, हा त्यामागचा हिशेब. हिशेब सोपा आहे, पण त्यात एक रकमेचा आकडा धरायचाच राहून जातो. "मोकळी हो" म्हणजे नेमकं कशातून मोकळी? तारखांतून, की गुन्हेगार या शिक्क्यातून?

महिला मंडळाच्या सल्ला केंद्रात मी गेली काही वर्षं आठवड्यातून एक दिवस बसते. मी वकील नाही. घर सांभाळून, कलाशाखेची पदवी गाठीशी बांधून हे काम करणारी एक बाई आहे. पण कागद वाचून दाखवता-दाखवता एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे गुन्ह्याच्या कबुलीविषयी दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणते, दंड भरला की संपलं, पुढे काही उरत नाही. दुसरी म्हणते, एकदा कबूल केलं की आयुष्याचं वाटोळं झालं. दोन्ही अर्ध्याच खऱ्या. या दोहोंच्या मधून कायद्यानंच एक वाट काढून ठेवली आहे, तीही १९५८ सालापासून. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वाटेकडे पुन्हा बोट दाखवलं, म्हणून आज हा विषय.

आधी कबुली म्हणजे काय ते बघू. पोलीस ठाण्यात दरडावून घेतलेली "हो, मीच केलं" ही कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. ती वेगळी गोष्ट. इथे बोलतोय ते कोर्टातल्या कबुलीविषयी. दंडाधिकारी तुमच्यावरचा आरोप वाचून, समजावून सांगतात आणि विचारतात, गुन्हा कबूल आहे का? तुम्ही जे बोलाल ते शक्य तितकं तुमच्याच शब्दांत लिहून घ्यावं, असं कायदा सांगतो. त्या कबुलीवर तुम्हाला दोषी ठरवता येतं. आणि एकदा स्वतःहून कबूल केलं, की दोषी ठरवल्याविरुद्ध सहसा अपील करता येत नाही. शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्यापुरतंच वर दाद मागता येते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे.

आता दंडाचं. कोर्टानं दोषी ठरवून केलेला दंड ही शिक्षाच असते, मग तो शंभर रुपये का असेना. ट्रॅफिक पोलिसानं चलन फाडलं आणि आपण जागेवर तडजोडीची रक्कम भरली, तर ती बाब निराळी. तिथे खटला चालत नाही, दोषसिद्धी होत नाही. पण बऱ्याच बाया दोन्हीला एकाच मापानं मोजतात. "पावती घेतली, झालं!" अशी त्यांची समजूत. मग पुढे कधी नोकरीच्या फॉर्मवर प्रश्न येतो, "आपणांस कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविले आहे काय?" तेव्हा पेन अडतं.

म्हणून "कबूल" म्हणण्याआधी पहिला प्रश्न: मी हे खरंच केलंय का? केलं नसेल, तर केवळ कंटाळ्यापोटी कबूल करू नये. दुसरा प्रश्न: यात तडजोड होते का? नळावरचं भांडण घ्या. हंड्यावरून सुरू झालं, शिवीगाळ झाली, झिंज्या ओढल्या, दोन्ही घरांनी एकमेकींवर तक्रारी केल्या. साधी मारहाण आणि अपमान हे कायद्याच्या भाषेत आपसात मिटवता येणारे गुन्हे आहेत. ज्या बाईला मार लागला तिनं कोर्टासमोर रीतसर तडजोड मान्य केली, की त्याचा परिणाम निर्दोष सुटल्यासारखाच होतो. कुठलाही डाग राहत नाही. असं असताना दोघी जणी दंड भरून दोषी होऊन घरी येतात, याला काय म्हणावं? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यासारखंच झालं की!

आता चेकचं प्रकरण. आपल्या बचत गटांच्या आणि घरगुती उद्योगांच्या काळात हे दुखणं स्वयंपाकघरापर्यंत आलंय. मसाल्याचा घरगुती धंदा करणारी एक ताई आमच्याकडे आली. घाऊक व्यापाऱ्याकडून तिनं चाळीस हजारांची मिरची-हळद उधारीवर उचलली होती आणि तारखेचा चेक दिला होता. नवऱ्याचा अपघात झाला, पैसे तिकडे गेले, चेक परत आला. चेकची रक्कम पंधरा दिवसांत द्या अशी नोटीस आली, तीही मुदत गेली, मग समन्स. देणं खरं होतं, सही तिची होती, नाकारण्यासारखं काहीच नव्हतं. तिचा प्रश्न एकच होता. "ताई, मी अंगणवाडी मदतनीसासाठी अर्ज केलाय. आता कबूल केलं तर तो अर्ज फाडून टाकू का?"

चेक न वटण्याच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण याही गुन्ह्यात तडजोड करता येते. गोव्यातल्या एका चेकच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये देशभरच्या कोर्टांसाठी काही सूचना दिल्या. आरोपीनं आपल्या बाजूचा पुरावा नोंदवण्याआधीच चेकची रक्कम भरली, तर जादा खर्च न लावता तडजोड मान्य करता येईल. त्यानंतर पण निकालापूर्वी भरली, तर चेकच्या रकमेच्या ५ टक्के जादा. सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के आणि सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. म्हणजे जितका उशीर तितका भुर्दंड. आधीच्या, २०१० सालच्या सूचनांपेक्षा हे दर कमी आहेत.

आपल्या विषयाचं वाक्य त्याच्याही पुढे आहे. आरोपी चेकची रक्कम द्यायला तयार आहे, पण समोरची वित्तसंस्था किंवा फिर्यादी त्याहून जास्तीची मागणी धरून बसलाय, असं झालं तर काय? तर दंडाधिकारी आरोपीला गुन्हा कबूल करायचं सुचवू शकतात आणि अपराधी परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे लोक ज्याला 'प्रोबेशन' म्हणतात त्याचा लाभ देऊ शकतात, असं न्यायालयानं म्हटलं. चेकच्या खटल्यात प्रोबेशन द्यावं की नाही याबद्दल आधी मतभेद होते. ते आता मिटलेत. माझ्या मते छोट्या गावातल्या बायांसाठी ही मोठी बातमी आहे, आणि ती पेपरात आतल्या पानावर येऊन गेली.

तर हे प्रोबेशन म्हणजे काय? १९५८ चा हा कायदा न्यायाधीशांना सांगतो, की माणूस दोषी ठरला म्हणून त्याला लगेच शिक्षा सुनावलीच पाहिजे असं नाही. चोरीचे काही प्रकार, फसवणूक, किंवा दोन वर्षांपर्यंतच कैद होऊ शकेल असा गुन्हा असेल, आणि आधी कधी दोषी ठरलेली नसेल, तर नुसती समज देऊन सोडता येतं. त्याहून मोठा गुन्हा असेल, पण फाशी किंवा जन्मठेपेचा नसेल, तर चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे बाँड लिहून घेऊन सोडता येतं. हा बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्या काळात नीट वागलं तर शिक्षा नाही. अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा डोक्यावर. एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे जातो. त्यांना सहसा तुरुंगात पाठवूच नये आणि पाठवायचं झालं तर न्यायाधीशांनी कारणं लिहावीत, असं तो म्हणतो. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यायला लावण्याचीही सोय त्यात आहे.

यात सगळ्यात महत्त्वाचं आहे ते बारावं कलम. समज देऊन किंवा बाँडवर सोडलेल्या व्यक्तीला, दोषी ठरल्यामुळे दुसऱ्या एखाद्या कायद्यानं जी अपात्रता येते, ती लागू होत नाही. म्हणजे दंड भरून आलेली बाई आणि समज देऊन सोडलेली बाई, दोघी त्याच दिवशी घरी जातात. पण पहिलीच्या पाठीवर शिक्षा असते, दुसरीच्या नसते. फरक कशानं पडतो? बहुतेक वेळा एका वाक्यानं. "गुन्हा कबूल आहे" हे पहिलं वाक्य सगळ्याच म्हणतात. "साहेब, हा पहिलाच गुन्हा आहे, मला प्रोबेशनचा लाभ द्यावा" हे दुसरं वाक्य म्हणायला कुणी शिकवलेलंच नसतं.

पण म्हणून ही जादूची कांडी आहे असं समजू नका. दिल्लीच्या सरकारी दूध योजनेतल्या एका रोखपालाची गोष्ट सांगते. साठच्या दशकात त्याच्याकडून पाचशे रुपये जमा करायचे राहिले. त्या काळात त्याचा मुलगा वारला होता, बायको माडीवरून पडून अंथरुणाला खिळली होती, मग मुलगी आजारी पडली. त्यानं पैसे परत केले, कोर्टात गुन्हा कबूल केला. दंडाधिकाऱ्यांनी परिस्थिती पाहून त्याला प्रोबेशनवर सोडलं. तरीही दोषी ठरला म्हणून खात्यानं त्याला नोकरीवरून काढलं. तो लढत राहिला. शेवटी १९८५ मध्ये, सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या न्यायालयानं ती बडतर्फी रद्द केली आणि मागच्या पगारासह त्याला कामावर घ्यायला सांगितलं.

या निकालात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवायच्या. बारावं कलम नोकरीवरून काढण्यापासून आपोआप वाचवत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. पण त्याचबरोबर, नोकरीवरून काढण्याचा अधिकार सरकारनं विचार करून, न्यायानं वापरला पाहिजे, रागाच्या भरात नाही, असंही सुनावलं. पुढे १९९० मध्येही सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रोबेशनमुळे शिक्षा टळते, पण दोष पुसला जात नाही. थोडक्यात, वाट आहे, पण ती पक्की डांबरी नाही. पावसाळ्यात चिखल लागणारच.

आणि म्हणूनच फॉर्ममधल्या त्या रकान्यात खोटं लिहायचं नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नोकरीच्या अर्जात माहिती लपवण्याबद्दल सविस्तर निकाल दिला. विचारलेली माहिती खरीच द्यावी लागते. मात्र गुन्हा क्षुल्लक असेल तर मालकानं सगळी परिस्थिती बघून निर्णय घ्यावा, अशी दिशा त्यात आहे. पुष्कळदा माणूस गुन्ह्यानं अडकत नाही इतका लपवण्यानं अडकतो. "हो, दोषी ठरले होते, पण कोर्टानं समज देऊन सोडलं, आदेशाची नक्कल सोबत जोडली आहे," असं लिहिणाऱ्या बाईचं म्हणणं निदान वाचलं तरी जातं.

काही देश यापुढे गेलेत. न्यूझीलंडमध्ये २००२ चा शिक्षेविषयीचा कायदा आहे. तिथे गुन्हा कबूल केल्यावरही, दोषी ठरल्याचे परिणाम गुन्ह्याच्या मानानं फारच जास्त होणार असतील, तर न्यायाधीश दोषसिद्धी न नोंदवता सोडू शकतात आणि ती व्यक्ती निर्दोष सुटल्यासारखीच मानली जाते. आपल्याकडे असं फक्त लहान मुलांच्या बाबतीत जवळपास आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर सहसा त्याची अपात्रता पुढे चिकटत नाही आणि ठराविक काळानंतर नोंदीही नष्ट करायच्या असतात. अपवाद आहे तो अघोर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चाललेल्या सोळा वर्षांवरच्या मुलांचा.

२०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालची चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि माल परत केला, तर शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा, अशी नवी सोय आली. चांगलंच झालं. तुरुंगापेक्षा झाडू मारणं, झाडं लावणं बरं. पण ती शिक्षाच आहे, दोषसिद्धी तिथे होतेच. म्हणून नव्या कायद्याच्या कौतुकात जुना १९५८ चा कायदा विसरून चालणार नाही.

आता मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही बघायला हवी. उद्या बायकोला मारणारा नवरा कोर्टात उभा राहून म्हणाला, "कबूल आहे, पहिलीच वेळ आहे, प्रोबेशन द्या," तर? नवऱ्याकडून होणाऱ्या छळाच्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे प्रोबेशनचं दार कायद्यानं तिथे सरसकट बंद केलेलं नाही. काही कायद्यांत ते बंद आहे. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यात प्रौढ आरोपीला हा लाभ मिळत नाही. आरोपीनं शिक्षेची बोलणी करण्याची जी नवी पद्धत २००६ पासून आपल्याकडे आली, तिच्यातूनही बायका आणि लहान मुलांवरचे गुन्हे वगळलेत. मग घरातल्या मारहाणीला मोकळं रान का?

माझं मत विचाराल, तर दार बंद करावं असं मी म्हणणार नाही. नवरा तुरुंगात गेला तर घर कोण चालवणार, हा प्रश्न तीच बाई मला विचारते. पण 'पहिलीच वेळ' हे शब्द तिथे फसवे आहेत. कोर्टात पहिली वेळ असते, घरात शंभरावी. म्हणून अशा खटल्यात बाँड द्यायचाच असेल, तर आधी तिचं म्हणणं ऐकलं पाहिजे. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायची तरतूद कायद्यात आहे, तो अहवाल शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून नव्हे, तर तिच्याशी एकटीनं बोलून तयार व्हायला हवा. भरपाईची सोय आहे, ती वापरली जायला हवी. दया दाखवायची ती कुणाच्या खर्चानं, हे विचारलंच पाहिजे.

दुसरी अडचण गरिबीची. बाँडसाठी आरोपीला किंवा जामीनदाराला त्या भागात राहायचं ठराविक ठिकाण किंवा नियमित काम असावं लागतं. ऊसतोडीला जाणारी बाई सहा महिने एका जिल्ह्यात, सहा महिने दुसऱ्यात. तिला जामीनदार कुठून मिळणार? कायदा जामीनदाराशिवायही बाँड घेऊ देतो, पण ते मागावं लागतं. मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही म्हणतात, मग कोर्टाकडून काय अपेक्षा!

म्हणून थोडी व्यवहाराची माहिती. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिचं उत्पन्न किती हे पाहिलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १५१०० हा टोल-फ्री क्रमांक आहे. समन्स आलं की कबुलीचा विचार करण्याआधी तिथे जा. वकिलाला तीन गोष्टी विचारा: यात तडजोड होते का, होत नसेल तर प्रोबेशन मिळू शकतं का, आणि माझ्या नोकरीवर किंवा अर्जावर याचा काय परिणाम होईल? घरची परिस्थिती सांगायला लाजू नका. रेशनकार्ड, आजारपणाचे कागद, मुलांच्या शाळेचे दाखले, पैसे परत केल्याच्या पावत्या, सगळं सोबत न्या. दिल्लीच्या त्या रोखपालाला प्रोबेशन मिळालं ते परिस्थिती कोर्टासमोर आली म्हणूनच. आणि आदेश झाला की त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढून मुलांच्या जन्मदाखल्यांशेजारी जपून ठेवा.

मसाल्यावाल्या ताईचं प्रकरण तडजोडीतच मिटलं. व्यापाऱ्यानं चार हप्ते मान्य केले, शेवटचा हप्ता गेल्यावर खटला बंद झाला, आणि तिला "कबूल" हा शब्द उच्चारावाच लागला नाही. अर्ज तिनं फाडला नाही. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. कुणाचा व्यापारी अडून बसतो, कुणाकडे चार हप्तेही नसतात, कुणाच्या हातून खरंच चूक घडलेली असते. त्यांच्यासाठीच तर हे दुसरं वाक्य आहे. तुमच्या ओळखीतली कुणी पुढच्या तारखेला कोर्टात उभी राहणार असेल, तर तिला डब्याबरोबर हेही बांधून द्या.